अंगठ्याची वहिवाट

लंडनच्या सोहो भागात सेंट ॲन्स कोर्ट नावाची एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीतील ट्रायडंट या ध्वनिमुद्रणगृहात १९६८ च्या ऑगस्ट महिन्याच्या अखेरीस बीटल्स मंडळींनी 'डिअर प्रुडन्स' हे गीत मुद्रित केले, आणि तेव्हापासून गिटार शिकू पाहणाऱ्यांच्या कितीतरी पिढ्या त्या गीताच्या आरंभीच्या झंकारापाशी येऊन थबकल्या आहेत. एकच वादक एकाच वाद्यावर एका वेळी दोन कामे करीत आहे असे तेथे ऐकू येते: खाली खर्जाच्या तारांवर एक संथ ठेका अखंड चाललेला, आणि त्याच्या मात्रांच्या फटींतून वरच्या तारांचे स्वर एकेक करून निसटणारे. तारांवरून नखी फिरवून सहा तारा एकदम छेडण्याची सवय ज्याच्या हाताला जडलेली असते त्याला हे कोडे काही केल्या उलगडत नाही. कारण येथे नखी नाहीच. उजव्या हाताचा अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटे येथे परस्परांपासून अलग होऊन आपापला कारभार पाहतात, आणि त्या कारभाराचा मुखत्यार अंगठा असतो. गीत जॉन लेननचे असले तरी हा अंगठा लेननचा नव्हे. तो त्याच्यापाशी अनेक हातांतून आलेला होता, आणि ते हात कोणाचे होते हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख लिहीत आहे.

प्रथम गीताची घडण पाहू. गिटारची सहावी, म्हणजे सर्वांत जाड तार नेहमी ई या स्वरात लावलेली असते; 'डिअर प्रुडन्स'साठी ती खुंटी सैल करून डी या स्वरापर्यंत उतरवावी लागते. चौथी तार मुळातच डी-मध्ये असते. डी-ला षड्ज मानले तर वाद्याच्या तळाशी मंद्र आणि मध्य असे दोन षड्ज मोकळ्या तारांवर सिद्ध होतात, आणि डाव्या हाताला तोशीस न देता उजवा अंगठा त्यांच्यावर कितीही वेळ झुलत राहू शकतो. या स्थिर षड्जाच्या सान्निध्यात एक स्वरपंक्ती पायरीपायरीने उतरते: षड्ज, कोमल निषाद, शुद्ध धैवत, कोमल धैवत, आणि पुन्हा षड्ज. गीताचा बराचसा प्राण एवढ्या चार पायऱ्यांत आहे. डाव्या हाताचे काम एखाद्या होतकरू विद्यार्थ्याला एका संध्याकाळी जमण्यासारखे असते. उजव्या हाताचे मात्र महिनोन्‌महिने जमत नाही, कारण अंगठ्याने मात्रा मोजीत राहावे आणि बोटांनी त्या मात्रांच्या अधेमधे बोलावे हा संस्कार बुद्धीला समजल्यानंतर बऱ्याच काळाने हाताला समजतो. तबल्याचा डग्गा आणि चाट एकाच पंजाने वाजवावयास सांगितल्यास वादकाची जी अवस्था होईल, तशीच ही अवस्था असते.

या संस्काराचे मूळ अमेरिकेच्या केंटकी संस्थानातील म्यूलेनबर्ग काउंटीत सापडते. ग्रीन नदीच्या काठचा हा मुलूख दगडी कोळशाचा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी तेथे खाणी वाढल्या, रेल्वे आली, आणि नदीतून बोटींची ये-जा चालू होती. या तिन्हींच्या मागोमाग मजूर आले, गोरे आणि काळे. त्याच सुमारास अमेरिकेतील मोठमोठे व्यापारी छापील याद्या खेडोपाडी पाठवून टपालाने माल विकू लागले होते, आणि त्या मालात स्वस्त गिटारही असे. जुन्या आतड्याच्या तारांच्या जागी पोलादी तारा आल्या, त्यामुळे वाद्याचा आवाज नाचगाण्याच्या गलक्यातही टिकू लागला. रॅगटाइम नावाची पियानोची शैली तेव्हा देशभर गाजत होती. तिच्यात पियानिस्टचा डावा हात खर्ज आणि स्वरमेळ यांच्यामध्ये सारखा येरझाऱ्या घालतो व उजवा हात त्याच्याशी खोड्या करीत वक्रगतीने चालतो. ज्याच्या घरी पियानो नव्हता आणि कधी येण्याचा संभवही नव्हता, त्या मजुराने ते दोन्ही हात आपल्या एका पंजात बसविले. पियानोचा डावा हात म्हणजे गिटारचा अंगठा, ही या विद्येची उपपत्ती. आणि ती ज्यांच्या अंगी प्रथम मुरली ते बहुतेक कृष्णवर्णीय वादक होते.

त्यांच्यापैकी एकाचे नाव आपल्यापर्यंत पोचले आहे. अर्नोल्ड शुल्ट्झ हा म्यूलेनबर्गच्या शेजारच्या ओहायो काउंटीत १८८६ साली जन्मला. त्याचा बाप गुलामगिरीत जन्मलेला. स्वतः शुल्ट्झने खाणीत काम केले, नदीवरच्या बोटींवर काम केले, आणि गिटार व फिडल ही दोन वाद्ये घेऊन तो त्या साऱ्या टापूत गोऱ्यांच्या व काळ्यांच्या नाचांना साथ करीत हिंडला. पुढे ब्लूग्रास संगीताचा जनक म्हणून ख्याती पावलेला बिल मन्रो हा पोरवयात त्याच्या साथीला बसला होता, आणि आपल्या संगीतावरील शुल्ट्झचे ऋण तो उतारवयापर्यंत सांगत असे. १९३१ साली शुल्ट्झ वारला. त्याच्या वादनाची एकही ध्वनिमुद्रिका नाही. ज्या काळात ध्वनिमुद्रणाच्या कंपन्या दक्षिणेकडील गावोगावी यंत्रे घेऊन फिरत होत्या, त्या काळात हा मनुष्य जिवंत होता आणि वाजवीत होता. तथापि त्याच्यापुढे यंत्र कोणी ठेवले नाही. या विद्येच्या इतिहासात याहून मोठी हानी मला दिसत नाही.

शुल्ट्झपासून हा अंगठा केनेडी जोन्स नावाच्या गोऱ्या वादकाने घेतला. अंगठ्यात अडकविण्याच्या नखीचा वापर त्या भागात रूढ करण्याचे श्रेय जोन्सला देतात. मांसल अंगठ्याचा नाद गोल आणि मऊ असतो. नखीचा टणक, ठसठशीत आणि दूरवर जाणारा. जोन्सपासून ही विद्या मोझ रेजर आणि आइक एव्हर्ली या दोघांकडे गेली. रेजर ड्रेक्सबरो गावात हजामत करी आणि खाणीतही उतरे. एव्हर्ली खाणकामगारच होता. एव्हर्लीचे डॉन आणि फिल हे दोन पुत्र पुढे 'एव्हर्ली ब्रदर्स' या नावाने जगभर गाजले, आणि त्यांच्या जोडगाण्याचे धडे लिव्हरपूलमध्ये बीटल्सपैकी लेनन व मकार्टनी यांनी तरुणपणी गिरविले. रेजर आणि एव्हर्ली वाजवीत बसले म्हणजे त्यांच्या बोटांकडे टक लावून बसणाऱ्या पोरांत मर्ल ट्रॅव्हिस हा एका खाणकामगाराचा मुलगा होता. १९१७ साली म्यूलेनबर्गमध्येच जन्मलेल्या या मुलाचे नाव पुढे सबंध पद्धतीला मिळाले. आज जगातला कोणताही गिटारशिक्षक या चालीला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतो. ट्रॅव्हिसच्या थोरवीत यामुळे काही उणे येत नाही. त्याने आपल्या गुरूंची नावे कधी लपविली नाहीत. परंतु शिष्याच्या नावाची सनद झाली आणि मूळ मिरासदाराचे नाव दप्तरातून गळाले, ही गोष्ट जेथे हा धडा दिला जातो तेथे सांगितली गेली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

ट्रॅव्हिसचे वादन जवळून पाहणाऱ्यास दोन गोष्टी दिसत. एक, तो अंगठा आणि तर्जनी एवढ्या दोनच बोटांनी वाजवीत असे. दुसरी, उजव्या तळव्याची कड तो घोडीपाशी खर्जाच्या तारांवर अलगद टेकवून ठेवी, त्यामुळे खालचे स्वर उमटताच दबत आणि धप-धप असा ठेका तेवढा उरे. वरच्या तारा मात्र मोकळ्या असल्यामुळे त्यांची सुरावट त्या दबलेल्या पार्श्वभूमीवर लखलखीत उठून दिसे. एकाच वाद्यातून दोन भिन्न नाद काढण्याची ही युक्ती आहे, आणि तिला कोणतेही यंत्र लागत नाही. पुढच्या पन्नास वर्षांत गिटारच्या नादासाठी जी नाना यंत्रे निघाली, ती या तळव्याच्या कडेने आधीच साधलेल्या परिणामात भर घालीत गेली, असे म्हणण्यास हरकत नाही.

१९३० नंतरच्या दशकात ट्रॅव्हिस सिनसिनाटीच्या डब्ल्यूएलडब्ल्यू या नभोवाणी केंद्रावर वाजवू लागला. १९३४ ते १९३९ या काळात त्या केंद्राचे प्रक्षेपण ५,००,००० वॅटचे होते. अर्ध्या अमेरिकेत ते रात्री स्पष्ट ऐकू येई. जॉर्जियात राहणाऱ्या चेट ॲटकिन्स नावाच्या एका मुलाने ते वादन ऐकले आणि तो वेडावून गेला. त्याने ट्रॅव्हिसला पाहिलेले नव्हते. एवढे स्वर केवळ दोन बोटांनी निघत असतील अशी कल्पनाही त्याला शिवली नाही, म्हणून अंगठा आणि दोन-तीन बोटे वापरून त्याने आपल्या बुद्धीने एक रीत बसविली. आणि ती रीत ट्रॅव्हिसच्या रीतीहून अधिक नाजूक, अधिक बहुपदरी ठरली. गुरूचा हात दिसला असता तर ॲटकिन्स हा दुसरा ट्रॅव्हिस झाला असता. न दिसल्यामुळे तो ॲटकिन्स झाला. आमच्याकडे पडद्याआडून गाणे ऐकून विद्या हस्तगत केल्याच्या ज्या कथा सांगतात, त्यांना हे एक पूर्णपणे नोंदलेले परदेशी उदाहरण आहे.

येथून पुढे नादाचा इतिहास आणि अंगठ्याचा इतिहास हे एकमेकांत गुंतत जातात. १९४८ साली ट्रॅव्हिसच्या आराखड्यावरून पॉल बिग्जबी या कॅलिफोर्नियातील कारागिराने भरीव अंगाची, सहाही खुंट्या एकाच बाजूस असलेली विजेची गिटार घडविली. आजच्या विजेच्या गिटारांच्या आद्य नमुन्यांत तिची गणना होते. रे बट्स नावाच्या कारागिराने ध्वनिफितीच्या साहाय्याने स्वराची लगोलग पडछाया उमटविणारा एक ध्वनिवर्धक तयार केला; तो ॲटकिन्सने घेतला, आणि त्याच्यामागोमाग स्कॉटी मूर याने. हा मूर म्हणजे एल्व्हिस प्रेस्लीचा गिटारवादक. १९५४ च्या जुलैत मेम्फिस शहरी प्रेस्लीची पहिली तबकडी मुद्रित झाली तेव्हा तिच्यातील मूरचे वादन ट्रॅव्हिस आणि ॲटकिन्स यांच्या अंगठ्यावर उभे होते. रॉक संगीताचा इतिहास लिहिणारे ढोलाला आणि कर्कश नादाला फार महत्त्व देतात. त्या संगीताच्या पायात म्यूलेनबर्गच्या खाणींतला हा मुका अंगठा आहे याचा उल्लेख त्या मानाने विरळा.

दुसरा प्रवाह डोंगराळ प्रदेशातून आला. व्हर्जिनियातील कार्टर कुटुंबाची गाणी १९२७ च्या ऑगस्टमध्ये ब्रिस्टल गावी मुद्रित झाली. त्या कुटुंबातील मेबेल कार्टर अंगठ्याने खालच्या तारांवर चाल वाजवी आणि तर्जनीने वरच्या तारा झाडीत असे. पुढे तिने लेस्ली रिडल या कृष्णवर्णीय वादकाकडूनही बोटांची विद्या घेतली. एलिझाबेथ कॉटन हिची कथा तर विस्ताराने सांगण्याजोगी आहे. उत्तर कॅरोलायनातील ही कृष्णवर्णीय मुलगी डावखुरी होती. उजव्या हाताच्या माणसासाठी तारा लावलेली गिटार तिने उलटी धरली. साहजिकच जाड तारा खाली गेल्या आणि बारीक वर आल्या, तेव्हा ती बोटांनी खर्ज वाजवू लागली आणि अंगठ्याने चाल. अजाण वयातच तिने 'फ्रेट ट्रेन' हे गीत रचले. नंतर संसार आणि मोलमजुरी यांत वाद्य सुटले, ते कित्येक दशके सुटलेलेच राहिले. वॉशिंग्टनमधील एका मोठ्या दुकानात ती काम करीत असता पेगी सीगर नावाची एक लहान मुलगी आईपासून चुकली. कॉटनने तिला आईच्या स्वाधीन केले, आणि या ओळखीतून सीगर कुटुंबात तिला घरकामाची नोकरी मिळाली. ते घर संगीतज्ञांचे होते. भिंतीवर टांगलेली गिटार तिने एके दिवशी खाली काढली, आणि आपल्या घरात कोण काम करते आहे हे त्या मंडळींना तेव्हा कळले. पेगी मोठी होऊन इंग्लंडला गेली. तिच्याबरोबर 'फ्रेट ट्रेन' गेले, आणि १९५७ साली चास मॅकडेव्हिटच्या चमूने गायिलेले ते गीत तेथे अतिशय लोकप्रिय झाले. तबकडीवर कर्ते म्हणून दोन ब्रिटिशांची नावे छापली होती. आपल्या गीतावरील हक्क शाबीत करून घेण्यासाठी कॉटनला पुढे कायद्याचा आधार घ्यावा लागला. १९५८ साली तिची स्वतःची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि ती ऐकून अटलांटिकच्या दोन्ही तीरांवरील लोकगीतगायकांची एक पिढी बोटांनी वाजवावयास शिकली.

त्या पिढीतला स्कॉटलंडमध्ये जन्मलेला गायक डोनोव्हन १९६८ च्या आरंभी हृषीकेशला महर्षी महेश योगी यांच्या आश्रमात होता. बीटल्सपैकी लेनन आणि हॅरिसन हे फेब्रुवारीच्या मध्यास तेथे आले. उरलेले दोघे, मकार्टनी आणि स्टार, त्यांच्यामागून दोन-चार दिवसांनी. हॅरिसन जानेवारीतच मुंबईस येऊन एचएमव्हीच्या ध्वनिमुद्रणगृहात 'वंडरवॉल म्युझिक'साठी हिंदुस्थानी वादकांचे वादन मुद्रित करून गेला होता. त्याला अंगठ्याची वहिवाट नवी नव्हती. ॲटकिन्सचा तो निस्सीम चाहता होता आणि ॲटकिन्सच्या नावाशी निगडित असलेली ग्रेच कंपनीची गिटार तो वापरीत असे. लेननला मात्र बोटांनी वाजविणे येत नव्हते. आश्रमात विजेची वाद्ये नव्हती, मोठे आवाज नव्हते. होत्या त्या साध्या लाकडी गिटारी, रिकामा वेळ आणि पलीकडे गंगा. डोनोव्हन बोटांनी वाजवीत बसलेला पाहून लेननने त्याच्यापाशी ती रीत मागितली, आणि डोनोव्हनने समोर बसून बोट धरून शिकवावे तसे त्याला शिकविले. लेनन तेव्हा सत्तावीस वर्षांचा होता आणि जगातील सर्वांत नामांकित संगीतकारांपैकी एक होता. त्याने पुन्हा विद्यार्थी होऊन अंगठ्याच्या मात्रा मोजल्या. याच आश्रमात अभिनेत्री मिया फॅरो हिची धाकटी बहीण प्रुडन्स ध्यानात इतकी गढून गेली होती की ती खोलीबाहेर येईनाशी झाली, आणि तिने बाहेर यावे म्हणून जे गीत जन्मले त्यात हा नवा शिकलेला हात उतरला. 'जूलिया' हे गीतही त्याच हाताचे.

डी-स्वराच्या त्या अखंड नादाचा संबंध आपल्या तंबोऱ्याशी जोडण्याचा मोह मराठी वाचकास होईल. हॅरिसनच्या सतारप्रेमामुळे बीटल्सच्या कानांवर आपल्या षड्जाचे संस्कार झाले होते, हे खरेच. परंतु 'डिअर प्रुडन्स'मधील अंगठ्याची चाल अमेरिकेतील मजुरांची आणि मोलकरणींची आहे. ती गंगाकाठी एका स्कॉटिश माणसाकडून एका इंग्रजाकडे गेली म्हणून तिच्यावर आपण दावा सांगू नये. ज्यांचा हक्क एकदा बुडाला आहे त्यांचा तो पुन्हा बुडविण्यासारखे ते होईल.

नादासंबंधी दोन शब्द सांगतो, कारण शिकणाऱ्यांची सर्वाधिक दमछाक येथे होते. या गीताचे वादन लेननने एपिफोन कंपनीच्या 'कसिनो' या पोकळ अंगाच्या विजेच्या गिटारवर केले असे अभ्यासक मानतात. १९६८ साली लेननने तिचा सारा रंग आणि रोगण घासून काढविले. जाड रोगणाखाली लाकूड मोकळे बोलत नाही, अशी डोनोव्हनची धारणा त्याच्या कानी पडली होती. १९६९ च्या जानेवारीत लंडनमधील गच्चीवरच्या वादनाची जी चित्रे प्रसिद्ध आहेत त्यांत तिचे उघडे, फिकट लाकूड स्पष्ट दिसते. पोकळ अंगामुळे तिचा नाद लाकडी गिटारसारखा हवेशीर, आणि विजेमुळे स्वर लांबणारा. म्हणूनच ट्रॅव्हिसप्रमाणे तळव्याची कड टेकवून खर्ज दाबण्याची चूक येथे करू नये. या गीतात खालच्या तारा मोकळ्या घुमू द्यावयाच्या असतात, एका स्वराचा शेवट दुसऱ्याच्या आरंभावर सांडू द्यावयाचा असतो. बोटाचे मांस आणि नख यांचे प्रमाण, घोडीपासून हाताचे अंतर, अंगठ्याचा तारेवर पडणारा भार, या तीन गोष्टी साधल्या तर साध्या वाद्यावरही हा नाद बराचसा उभा राहतो. त्या न साधता महागड्या यंत्रांचा सरंजाम जमविणाऱ्यांचे वादन मला निर्जीव वाटत आले आहे.

पुण्यामुंबईच्या, नागपूरच्या किंवा परदेशी गेलेल्या ज्या मराठी तरुणतरुणींनी हे गीत शिकावयास घेतले असेल त्यांना माझी विनंती एवढीच आहे: आरंभीचे काही दिवस वरच्या तारांना हात लावू नका. सहावी तार उतरवा आणि एकट्या अंगठ्याने संथ लयीत खर्ज वाजवीत राहा. बोलत असताना, चालणारे घड्याळ ऐकत असताना, लक्ष दुसरीकडे गेले असतानाही तो चुकत नाही अशी खात्री पटली म्हणजे मग बोटांना मोकळीक द्या. त्या दिवसांत बीटल्सच्या आधी एलिझाबेथ कॉटनची १९५८ ची ध्वनिमुद्रिका ऐका, नंतर ट्रॅव्हिस, नंतर ॲटकिन्स. आणि पुढे कधी हा धडा तुम्ही दुसऱ्या कोणाला द्याल तेव्हा ट्रॅव्हिसच्या नावाअगोदर अर्नोल्ड शुल्ट्झचे नाव घ्या.